भिलाईतील चैत्रगौरीची आरास

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर माहेरी येते आणि वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती सासरी परत जाते, अशी महाराष्ट्रातील समजूत आहे. या महिनाभरात सोयीचा एखादा दिवस, बहुधा मंगळवार किंवा शुक्रवार, पाहून घरात तिचे हळदीकुंकू होते. लग्नात माहेराहून मिळालेली अन्नपूर्णेची लहानशी मूर्ती पितळी पाळण्यात किंवा झोपाळ्यावर बसवतात. तिच्यापुढे पायऱ्या मांडतात आणि त्या पायऱ्यांवर फळे, फुले, फराळाचे पदार्थ व मुलांची खेळणी यांची आरास रचतात. आलेल्या बायकांना आंब्याची डाळ आणि पन्हे देतात, भिजवलेल्या हरभऱ्यांनी त्यांची ओटी भरतात, हाताला चंदन लावतात आणि मोगऱ्याची फुले देतात. उन्हाळ्याच्या सुटीत खाद्यपदार्थांचे सजवलेले तबक पाहुण्यांपुढे मांडण्याची हौस हल्ली पुष्कळ ठिकाणी दिसते. मराठी घरांत ती हौस चैत्रगौरीच्या निमित्ताने पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे.

पुण्यात किंवा नागपुरात हा समारंभ कसा होतो, हे पुष्कळ श्रोत्यांना ठाऊक असेल. तेथे गौर कोण, ती पाळण्यात का, डाळ कच्ची का, असे प्रश्न कोणी विचारीत नाही. सर्वांना सर्व ठाऊक असते आणि म्हणूनच त्याचा विचार करण्याचे कारण पडत नाही. महाराष्ट्राबाहेर मात्र हे प्रश्न दाराशी येऊन उभे राहतात. भिलाईच्या वसाहतीत एखाद्या मराठी घरी चैत्रगौर मांडली, तर पहिला प्रश्न शेजारच्या घरातूनच येतो. आणि त्याचे उत्तर देता देता घरच्या माणसांनाही आपल्या चालीरीतीचा अर्थ नव्याने कळू लागतो.

भिलाई हे गाव दुर्ग जिल्ह्यातले, मुंबई-हावडा लोहमार्गावरचे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत छत्तीसगढ हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा भाग होता. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तोवर हा जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानीही नागपूरच होती. तेव्हा मराठी भाषा या भागाला अगदी परकी नव्हे. परंतु वसाहतीत आलेली बहुतेक मराठी कुटुंबे ही जुनी ओळख सांगत आली नाहीत. ती कारखान्याच्या निमित्ताने आली. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात दहा लाख टन क्षमतेच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. दल्ली-राजहरा येथील तांबड्या डोंगरांतून लोहखनिज येऊ लागले आणि भिलाईचे रूळ देशभर जाऊ लागले. १ नोव्हेंबर २००० पासून हा सर्व प्रदेश छत्तीसगढ राज्यात आहे.

कारखान्याबरोबर वसाहत उभी राहिली. तिचे भाग क्रमांकाने ओळखले जातात, त्यांना सेक्टर म्हणतात. त्यातले घर माणसाला वाटपाने मिळते. शेजार निवडण्याची सोय नाही. एका भिंतीपलीकडे तेलुगू कुटुंब, दुसरीकडे बंगाली, समोर पंजाबी किंवा मल्याळी, आणि पाठीमागे छत्तीसगढी, अशी रचना तेथे सहज घडते. महाराष्ट्रातल्या जुन्या आळ्या जातीच्या आणि व्यवसायाच्या नात्याने वसल्या. येथली आळी कार्यालयातल्या यादीने वसवली. चैत्रगौरीसारख्या जिव्हाळ्याच्या समारंभाला या एका गोष्टीने किती निराळे वळण लागते, ते पुढे दिसेल.

प्रथम आराशीचा विचार करू. चैत्र-वैशाखात भिलाईचे ऊन कठोर होते. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर गेला तर त्याचे कोणाला नवल वाटत नाही. दुपारी रस्ते ओस पडतात आणि खिडकीखिडकीतून कूलर घुमत असतात. अशा वेळी गौरीपुढे जे पदार्थ येतात, ते सर्व या उन्हाशी आणि या महिन्याच्या पिकाशी जोडलेले आहेत. रब्बीचा हरभरा नुकताच घरात आलेला असतो. म्हणून डाळ आणि ओटीचे हरभरे. कैरीत बाठा धरू लागलेला असतो, पण ती पिकलेली नसते, म्हणून पन्हे. नदीच्या पात्रातील वाळूत कलिंगडे आणि खरबुजे तयार होतात. मोगऱ्याला बहर याच दिवसांत येतो. चंदन थंड, वाळा थंड, गुलाबपाणी थंड. या समारंभात तळलेले आणि गोड पदार्थ असतात खरे, पण ते शोभेपुरते. मुख्य मान पाणी धरून ठेवणाऱ्या पदार्थांचा आहे. उन्हातून आलेल्या बाईला प्रथम गारवा द्यावा, मग बाकीचे, असा हा क्रम आहे.

पन्ह्याचेच उदाहरण घ्यावे. घामावाटे शरीरातून पाणी जाते, तसे मीठही जाते. नुसते पाणी पिऊन ते मीठ भरून निघत नाही. पाण्यात थोडी साखर आणि थोडे मीठ एकत्र असले, तर आतडे ते पाणी अधिक चांगले शोषून घेते; अतिसाराच्या रोग्याला देण्याची क्षारसंजीवनी याच तत्त्वावर तयार होते. पन्हे हे काही औषध नव्हे आणि त्यात गोडी पुष्कळच अधिक असते. पण गुळाच्या त्या पेयात चिमूटभर मीठ घालावयास आजी विसरत नसे, यामागे पिढ्यांचा अनुभव होता, असे म्हणावयास हरकत नाही.

आता मांडणीकडे वळू. पायऱ्या तीन किंवा पाच असाव्यात. ट्रंका, लाकडी खोकी, जाड पुस्तकांचे गठ्ठे, जे घरात असेल ते रचून त्यावर एखादे जुने जरीचे लुगडे पसरले की पायऱ्या तयार होतात. वसाहतीच्या घरातली बैठकीची खोली मोठी नसते. तेव्हा आरास एका कोपऱ्यात भिंतीला लागून करावी, म्हणजे माणसांना बसावयास जागा उरते. दाराशी किंवा पाळण्यापुढे चैत्रांगण काढावे. या रांगोळीत सूर्य, चंद्र, शंख, कमळ, गाय, कासव, हत्ती, तुळशीवृंदावन आणि झोपाळ्यावर बसलेली गौर अशी चित्रे येतात. घरातल्या मुलांना कागद-पेन्सिल देऊन ही चित्रे आधी गिरवावयास लावली, तर सुटीतल्या दोन दुपारी सुखाने जातात आणि कलाही हातात राहते.

आराशीला एखादा विषय असला म्हणजे तिला शोभा येते. लग्नातल्या रुखवतात लाडवांचे तुळशीवृंदावन किंवा साखरेचा बंगला मांडण्याची आपली परंपरा आहेच. भिलाईच्या घरात भिलाईचाच विषय का घेऊ नये? गौर कैलासाहून माहेरी येते, तर तिला आगगाडीने आणावी. सर्वांत वरच्या पायरीवर बत्ताशांची आणि चिरोट्यांची रास करून बर्फाच्छादित कैलास उभा करावा. तेथून खाली लांबट कापलेल्या शंकरपाळ्यांचे स्लीपर घालून त्यांवर लांब कडक गाठ्यांचे रूळ टाकावे. चकल्यांची चाके आणि बेसनाच्या वड्यांचे डबे जोडले की गाडी झाली. वाटेत तांबूस भाजलेल्या लाडवांचा दल्ली-राजहराचा डोंगर लागतो; शेवटच्या पायरीवर फळांचा बाग आणि त्यात गौरीचे माहेरघर. वसाहतीतली मुले दरवर्षी सुटीत याच लोहमार्गाने आजोळी जातात. त्यांना हा देखावा समजावून सांगावा लागत नाही. रूळ कोठे वळवावा, यावर त्यांचीच भांडणे होतात.

शोभेइतकेच लक्ष पदार्थांच्या टिकण्याकडे द्यावे लागते, आणि येथे भिलाईचे हवामान आपले नियम घालते. कूलरचा वारा ओला असतो. त्याच्या झोतात चकली, शेव, शंकरपाळे अर्ध्या तासात सादळतात. म्हणून तळलेले पदार्थ झोताच्या बाजूला मांडू नयेत आणि पाहुणे येण्याच्या थोडे आधीच डब्यातून बाहेर काढावेत. फळांचे याच्या उलट आहे. कलिंगडाचे कमळ, खरबुजाची परडी, काकडीची मगर, हे सारे कौतुक करण्याजोगे असते. पण कापलेले फळ अशा उकाड्यात तासाहून अधिक उघडे ठेवणे सुरक्षित नाही. तेव्हा आराशीतली फळे शक्य तितकी अखंड असावीत. साल कोरून नक्षी काढावी, गर उघडा करू नये. जे कमळ कापावयाचे ते शेवटी कापावे आणि सर्वांत आधी वाटून टाकावे. रसाळ फळे खालच्या पायरीवर परातीत ठेवावीत, म्हणजे त्यांचे पाणी फराळावर ओघळत नाही. सर्वांवर पातळ जाळी असावी.

तीस माणसे येणार असे धरून चालले, तर प्रमाण साधारण असे बसते. पन्ह्यासाठी किलोभर कैऱ्या सालासकट उकडून, सोलून, गर काढावा. गराच्या दीडपट गूळ त्यात कालवावा, वेलदोड्याची पूड, थोडे केशर आणि मीठ घालून हा अर्क आदल्या दिवशी करून गार ठेवावा. वाटण्याच्या वेळी तिप्पट ते चौपट पाणी घातले की तीस फुलपात्री सहज भरतात. पाणी उकळून माठात गार केलेले असावे. बाजारच्या बर्फाचा मोह टाळावा. डाळीसाठी अर्धा किलो हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून, निथळून, पाण्याचा थेंब न घालता जाडसर वाटावी. त्यात पाव किलो किसलेली कैरी, हिरव्या मिरच्या, मीठ, चवीपुरती साखर, ओले खोबरे आणि कोथिंबीर मिसळून वरून हिंग, मोहरी, हळद यांची निवालेली फोडणी घालावी. ही डाळ शिजवलेली नसते, हे विसरू नये. दुपारी चारनंतर वाटावी आणि त्याच संध्याकाळी संपवावी. दुसऱ्या दिवशी ती खाण्याच्या योग्यतेची राहत नाही. ओटीसाठी पाऊण किलो हरभरे रात्री भिजत घातले, तर सकाळी ते जवळजवळ दुप्पट होतात आणि प्रत्येकीला मूठभर येतात.

वेळही विचार करून ठरवावी लागते. कारखान्याच्या तीन पाळ्या चालतात. कोणाचा नवरा रात्रपाळीहून येऊन दुपारी झोपलेला असतो, कोणी स्वतःच दुसऱ्या पाळीला गेलेली असते; कारण आज वसाहतीतल्या पुष्कळ स्त्रिया नोकरी करतात. उन्हे उतरल्यावर सहापासून आठ-साडेआठपर्यंत दार उघडे ठेवावे आणि जिला जेव्हा जमेल तेव्हा तिने यावे, हे उत्तम. उशिरा येणारीसाठी डाळीचा द्रोण झाकून ठेवण्यात कमीपणा नाही.

एवढी तयारी झाली की शेजारीण दाराशी येते आणि तिचा प्रश्न सुरू होतो. पण प्रश्नापाठोपाठ ओळखही निघते. तेलुगू बाई पन्ह्याचा घोट घेऊन म्हणते की, हे तर आमचे पानकम्‌. रामनवमीला आंध्रात गूळ, मिरी, सुंठ आणि वेलदोडा घालून पानकम्‌ करतात आणि त्याबरोबर भिजवलेली मुगाची डाळ देतात. तिला वडपप्पू म्हणतात. संस्कृतातल्या ‘पानक’ या एकाच शब्दापासून त्यांचे पानकम्‌ आणि आपले पन्हे आले आहे. आंध्रात आणि कर्नाटकात पाडव्याच्याच दिवशी उगादी असते, आणि त्या दिवशीच्या पच्चडीत कैरी, नवा गूळ, चिंच आणि कडुनिंबाचा मोहोर हवाच. कन्नड बाईला आपली आंब्याची डाळ पाहून कोसंबरी आठवते; भिजवलेली डाळ, कैरी, खोबरे आणि वर मोहरीची फोडणी, असाच तो पदार्थ आहे. तमिळ घरात पायऱ्यांची आरास नवरात्रात होते. तिला ते गोलू म्हणतात, पायऱ्यांची संख्या विषम ठेवतात आणि येणाऱ्या बायकांना हरभऱ्याचे सुंडल देतात. राजस्थानातली गणगौर तर चैत्र शुद्ध तृतीयेचीच. गौर तीच, तिथी तीच. बंगाली शेजारीण कैरी भाजून केलेल्या सरबताची आठवण काढते. एका लहानशा खोलीत, एका द्रोणाभोवती, देशाच्या निम्म्या नकाशाची भेट होते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती नाही.

छत्तीसगढी शेजारणीला या साऱ्यात आपले बरेच काही सापडते. तिच्याकडे ठेठरी आणि खुरमी हे सणाचे पदार्थ आहेत. ठेठरी ही बेसनाची, खारी, आपल्या कडबोळ्याच्या नात्यातली. खुरमी कणकेची, गुळाची, शंकरपाळ्याच्या जवळची. दोन्ही कोरडी, टिकाऊ आणि आराशीत शोभणारी. याच दिवसांत जंगलातून तेंदूची पिवळी फळे आणि चाराची लहान काळसर फळे बाजारात येतात. या चाराच्या बीमधला मगज म्हणजे आपली चारोळी. श्रीखंडावर चारोळी पसरणाऱ्या मराठी मुलाने चाराचे फळ कधी पाहिलेले नसते. भिलाईच्या गौरीपुढे या फळांची एक परडी अवश्य असावी. गौर ज्या मातीत येते, त्या मातीचे फळ तिला ठेवणे हीच जुनी रीत आहे. कोकणात करवंदे आणि जांभळे ठेवतात, त्यामागचे कारण वेगळे नाही.

येथवर सारे आनंदाचे झाले. पण या समारंभात एक अवघड प्रश्नही आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बोलवावयाचे कोणाला? महाराष्ट्रातले जुने हळदीकुंकू हे आपल्या जातीतल्या, आपल्या ओळखीतल्या आणि केवळ सवाष्ण बायकांचे असे. पतीचे निधन झालेली स्त्री त्याच घरात डाळ वाटीत असे, आरास रचीत असे, आणि पाहुण्या येण्याच्या वेळेला आतल्या खोलीत जाऊन बसत असे. जिच्या हातच्या पन्ह्याची सर्वांनी वाखाणणी करावी, तिच्या हातावर मात्र चंदन लावावयाचे नाही, ही गोष्ट पुष्कळ घरांनी पाहिली आहे.

या रीतीला विरोधही आपल्याच समाजातून झालेला आहे, आणि तो आजचा नाही. १४ जानेवारी १८५२ रोजी पुण्यात सावित्रीबाई फुले यांच्या पुढाकाराने तिळगुळाचा समारंभ झाला. सर्व जातींच्या स्त्रियांनी एकाच जाजमावर बसावे, असे त्याच्या निमंत्रणातच कळवले होते. अगदी अलीकडे, ४ मे २०२२ रोजी, कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव करून पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढून घेणे या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे, असे आवाहन केले. या दोन तारखांमध्ये एकशे सत्तर वर्षांचे अंतर आहे. ठराव गावाने करावयाचा असला, तरी जाजम घराघरातच पसरावे लागते, हे त्या अंतरावरून ध्यानात येते.

भिलाईच्या वसाहतीत या प्रश्नाला एक व्यावहारिक बाजूही आहे. कारखान्यातल्या कायम नोकऱ्या पूर्वीपेक्षा पुष्कळच कमी झाल्या. पहिल्या पिढीची माणसे निवृत्त होऊन गावी परतली किंवा मुलांकडे गेली. मुले पुण्याला, बंगळूरला, कोणी परदेशी. जेथे पूर्वी पाच-सात मराठी घरे हाकेच्या अंतरावर होती, तेथे आता एखाददुसरे उरले, असे सहज घडते. अशा घराने केवळ आपल्या भाषेच्या, आपल्या जातीच्या सवाष्णी मोजावयाचे ठरवले, तर गौरीपुढे आरास असेल आणि खोली रिकामी असेल. तेव्हा दोनच वाटा उरतात. समारंभ बंद करावयाचा, किंवा त्याचे दार मोठे करावयाचे.

दार मोठे करण्यात परंपरा मोडत नाही. गौर ही माहेरवाशीण आहे आणि माहेरपण ही या समारंभाची मूळ कल्पना. माहेर म्हणजे जेथे बाईला कोणी काम सांगत नाही, तिला झोपाळ्यावर बसवतात, गार काहीतरी हातात देतात. घरापासून शेकडो मैल दूर आलेल्या कोणत्याही स्त्रीला त्याची गरज असते. मग ती ओडिया असो की मल्याळी, सवाष्ण असो, अविवाहित असो की पतीच्या मागे एकटी राहिलेली असो. घरी कामाला येणारी छत्तीसगढी बाईही याच यादीत आहे, आणि तिला स्वयंपाकघराच्या दारात द्रोण न देता बैठकीत बसवून तो द्यावा. हे सांगण्यास सोपे आणि करण्यास थोडे जड आहे, हे खरे. पण एकदा केले की दुसऱ्या वर्षी जड जात नाही.

त्यासाठी थोडे तारतम्य मात्र हवे. सर्वांना कुंकू चालतेच असे नाही. मुसलमान किंवा ख्रिस्ती शेजारणीला मोगऱ्याचा गजरा, हाताला चंदन आणि पन्हे दिले, तरी स्वागत पुरे होते. पदराच्या ओटीची रीत जिला ठाऊक नाही, तिला हरभरे कागदाच्या पुडीत बांधून द्यावेत. जिला कुंकू लावून घेण्याची हौस आहे, तिला तिचा नवरा हयात आहे की नाही हे न पाहता लावावे. कोणाला अवघडल्यासारखे होणार नाही अशा बेताने, तबकात कुंकू, चंदन आणि फुले शेजारी शेजारी ठेवून जिने तिने आपले आपण घ्यावे, ही पद्धत फार सोयीची आहे. पाहुणचारात पाहुण्याची सोय पाहणे, एवढाच तिचा अर्थ.

आणखी एक दक्षता. आराशीची चढाओढ लागली की समारंभाचा मूळ हेतू बाजूला पडतो. पन्नास पदार्थ मांडले, छायाचित्रे काढली, आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडलेल्या चकल्या व आंबलेली फळे टाकून दिली, तर गौरीचे माहेरपण साजरे झाले असे म्हणता येणार नाही. अन्नपूर्णेपुढे अन्नाची नासाडी तेवढी झाली. आराशीतला प्रत्येक पदार्थ मोजून करावा आणि रात्री दार लावण्यापूर्वी तो कोणाच्या तरी हाती पडलेला असावा. जी पायरी सकाळी भरलेली दिसते ती रात्री मोकळी दिसली, तर आरास साधली असे समजावे.

महिन्याच्या शेवटी अक्षय्य तृतीया येते. एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या पूर्वार्धात. महाराष्ट्रात त्या दिवशी पाण्याने भरलेला घट दान देतात. खानदेशात तिला आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात आणि झाडांना झोके बांधले जातात. छत्तीसगढात हीच तिथी अक्ती म्हणून साजरी होते. शेतकरी नव्या हंगामाची सुरुवात त्या दिवसापासून धरतो, आणि मुले मातीच्या बाहुला-बाहुलीचे, ज्यांना ते पुतरा-पुतरी म्हणतात, त्यांचे लग्न लावतात. बाजारात रंगवलेल्या जोड्या विकावयास येतात. मांडव पडतो, हळद लागते, वऱ्हाड जेवते. एका घरातून गौर सासरी निघालेली असते, त्याच संध्याकाळी शेजारच्या अंगणात बाहुलीची वरात निघते. दोन्ही घरांनी थोडा विचार केला, तर गौरीच्या आराशीतले लाडू आणि शंकरपाळे त्या बाहुलीच्या लग्नाच्या जेवणावळीला उपयोगी पडतात. आणि मराठी मूल मुलीकडचे, छत्तीसगढी मूल मुलाकडचे होऊन दोघेही सोयरे बनतात.

परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाला आपले सण टिकवण्याची काळजी असते आणि ती रास्त आहे. परंतु सण टिकतो तो त्याच्या वस्तू जपून ठेवल्याने नव्हे. तो पुढच्या पिढीला आणि शेजारच्या घराला हवासा वाटला तर टिकतो. पितळी पाळणा कपाटात कितीही काळ सुरक्षित राहील. पण पुढच्या चैत्रात तेलुगू शेजारणीने होऊन विचारले की, यंदा तुमची गौर कधी बसणार, कैऱ्या मी आणू का, तर तो पाळणा हलता राहण्याची शाश्वती आहे. भिलाईच्या भट्टीत निरनिराळ्या खाणींची माती एकजीव होते, त्याला प्रचंड आच लागते. माणसे जवळ येण्यास एवढ्या आचेची गरज नसते. भर उन्हाळ्यात गार पन्ह्याच्या एका फुलपात्रानेही ते काम होते.